नवजात बाळासाठी बाबागाडी घेताय? आधी इंची टेप काढा, मग मोबाइल

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली आत्ता चार बाबागाड्या धूळ खात पडल्यात. चारही चांगल्या, एकीच्या तर हँडलवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही. पाचवी आमची होती, थोरलीच्या वेळची, ती शेवटी बाल्कनीत दुपटी वाळत घालायला वापरली आणि खरं सांगते त्या कामाला एक नंबर होती. सगळ्यांचं चुकलं ते एकाच जागी. आधी रंग आवडला, मग ऑफर दिसली, मग ऑर्डर टाकली, आणि गाडी घरी आल्यावर कळलं की लिफ्टमध्ये जात नाही किंवा बाळाची मान अजून धरलेली नाही तर ह्यात ठेवायचं कसं. धाकट्याच्या वेळी मी हेच उलट्या बाजूने केलं, तो क्रम खाली देतेय. मधले टप्पे गाळू नका, गाळले की पुढचा चुकतो.

प्रॅम, स्ट्रोलर, बगी या शब्दांवर अजिबात जाऊ नका. दुकानात तिन्ही शब्द कशालाही वापरतात. गाडी काय करू शकते ते बघायचं, बस.

टप्पा १: कधी, कुठे आणि कोण ढकलणार

बहुतेक घरांत बाळ पहिला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्यानंतरच्या ठरलेल्या फेऱ्या म्हणजे लसीच्या, दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने. म्हणजे गाडी खरी लागते ती दीड-दोन महिन्यांनंतर. तरी लोक नवव्या महिन्यात ऑर्डर करतात, खोका माळ्यावर जातो, बाई माहेरी जाते, आणि तीन महिन्यांनी खोका उघडल्यावर एक चाक अडकतंय असं दिसतं तेव्हा रिटर्नची मुदत कधीच संपलेली असते. ती मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही खोका उघडल्यापासून नाही.

"बाळ यायच्या आधी काही आणायचं नाही" असं घरातली मोठी माणसं म्हणत असतील तर भांडू नका, इथे ते तुमच्या फायद्याचंच आहे. सातव्या-आठव्या महिन्यात मापं घ्या, दुकानं फिरा, मॉडेल ठरवून ठेवा, आणि पैसे बारशानंतर भरा.

कागदावर तीन गोष्टी लिहा:

१. पहिले तीन-चार महिने बाळ कुठल्या घरी असणार. माहेर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं आणि सासर ठाण्यात पोडियमवालं (पार्किंगच्या वर सोसायटीचं मोकळं अंगण असलेलं) असेल तर गाडी दोन्हीकडे चालायला हवी, नाहीतर माहेरी असेपर्यंत घेऊच नका.

२. रोज ढकलणार कोण. आई कामावर जायला लागली की गाडी आजीच्या किंवा सांभाळणाऱ्या ताईंच्या हातात असते. म्हणून ट्रायल त्यांनी घ्यायची. आमच्याकडे आईला तो पायाचा ब्रेक चपलेतून दाबताच येईना, एवढ्यावर एक महागडी गाडी बाद झाली.

३. उचलणार कोण. सिझर झालं असेल तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असंच डॉक्टर सांगतात. गाडी बाळापेक्षा जडच असते, त्यामुळे या काळात ती उचलायला दुसरं माणूस घरात हवं.

टप्पा २: मापं घ्या

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आहे आणि निम्म्या चुका इथेच होतात. इंची टेप घ्या आणि हे सगळं मोजा:

- लिफ्टच्या दाराची रुंदी. जुन्या बिल्डिंगमधल्या जाळीच्या दाराची घडी एका बाजूला गोळा होऊन चार-पाच इंच खाते, तर दार पूर्ण उघडून जी मोकळी जागा उरते तीच मोजायची.
- लिफ्टची आतली खोली. गाडी आत गेली, तुम्ही बाहेर राहिलात, असं होतं. गाडीची लांबी अधिक तुम्ही उभे राहाल ती दीड-एक फूट जागा.
- सेफ्टी डोअर आणि मेन डोअर, आणि चपलांच्या रॅकमुळे उरणारी वाट.
- गाडी रात्री कुठे उभी राहणार ती जागा. "बघू कुठेतरी" हे उत्तर नाही चालत, कुठेतरी म्हणजे जिन्याखाली.
- कारची डिकी. लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही. सीएनजीवाली असेल तर सिलिंडर सोडून. ओला-उबरने जात असाल तर तिथेही बऱ्याच गाड्यांत सिलिंडर असतोच, म्हणून फोल्ड झालेली बाबागाडी पुढच्या सीटजवळ पायात मावेल का ते धरून चला.
- रिक्षाने जात असाल तर फोल्ड केलेली गाडी दोन गुडघ्यांमध्ये उभी राहायला हवी. नाही राहिली तर दुसऱ्याच दिवशी घरी राहते.

*चेक:* वेबसाइटवर फोल्ड केल्यानंतरचं माप दिलेलं असतं ते कधीकधी चाकं काढून घेतलेलं असतं. दर वेळी चाकं काढून डिकीत ठेवणार आहात का? नाही ना, मग चाकांसकट किती ते विचारा.

*थांबा, बादली टेस्ट:* जिने चढायचे असतील तर दहा लिटरची बादली पाण्याने काठोकाठ भरा, एका हातात ती, दुसऱ्या हातात बाळाएवढी उशी छातीशी धरून, आणि घ्या एक मजला चढून (पाणी सांडेल, फडकं न्या). बादली धरून झाले साधारण दहा किलो. बऱ्याच दणकट गाड्या आठ ते बारा किलोच्या असतात, हलक्या छत्रीसारख्या मिटणाऱ्या पाच-सहाच्या. बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये सातच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे, पण बादली तुम्हाला तुमचं मत देईल.

टप्पा ३: रस्ता कसला आहे

प्रामाणिकपणे लिहा, गाडी कुठे चालणार. सोसायटीचा पोडियम आणि मॉल एवढंच असेल तर लहान चाकं ठीक आहेत. बाहेर फुटपाथवर, पेव्हर ब्लॉकवर न्यायची असेल तर पुढे जी जोडीजोडीची छोटी प्लॅस्टिकची चाकं असतात ती ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत अडकतात, गाडी जागीच थांबते आणि तुम्ही हँडलवर आपटता. तिथे मोठी, रबराची किंवा फोमची सिंगल चाकं बरी. हवेचे टायर सगळ्यात मऊ चालतात पण पंक्चर काढायला सायकलवाल्याकडे जावं लागतं, तेव्हा जवळ सायकलवाला आहे का बघा. पुढची चाकं फिरती असावीत आणि लॉकही करता यावीत, खडबडीत रस्त्यावर लॉक केली की गाडी सरळ चालते. सस्पेन्शन आहे म्हणतात त्या गाडीचं हँडल वरून दाबून बघा, गाडी थोडी बसली आणि उठली पाहिजे.

आणि रोजचं जाणं लोकलने किंवा भाजी मार्केटमध्ये असेल तर सरळ सांगते, त्यासाठी गाडी घेऊच नका. गर्दीच्या लोकलमध्ये बाबागाडी म्हणजे शिव्या खाणं. नवजात बाळाची मान नीट धरणारं बेबी कॅरिअर किंवा कुणाच्या तरी दोन हातांची सोबत, हे त्यापेक्षा बरं. गाडी संध्याकाळच्या फेरीसाठी ठेवा.

टप्पा ४: बाळ सपाट झोपतंय का

नवजात बाळाच्या गाडीत हा मुद्दा सोडून बाकी सगळं तडजोडीचं आहे. बाळाची मान स्थिर व्हायला चार-एक महिने लागतात, नीट बसायला सहाच्या आसपास. तोपर्यंत अर्धवट बसवलं तर डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, गाढ झोपल्यासारखंच दिसतं, म्हणूनच ते धोक्याचं.

खोक्यावर "० ते ३ वर्षं" लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी बसायची जागा आणि पाठ यांच्यातला कोन कमीत कमी १५० अंश लागतो. मी म्हणेन १७० च्या पुढे मिळालं तर ते घ्या, आणि वेगळी सपाट टोपली म्हणजे कॅरीकॉट गाडीवर बसवता येत असेल तर सगळ्यात उत्तम, बाळ स्वतःहून उठायला धडपडू लागेपर्यंत ती चालते.

मोजायचं असं:

१. गाडी सपाट जमिनीवर, पाठ पूर्ण मागे.

२. सीटमध्ये वजन ठेवा. मी पाच किलोची कणकेची पिशवी घेऊन गेले होते, दुकानातला मुलगा हसला, पण पुढच्या पाच मिनिटांत त्याचं हसू गेलं. कारण रिकामी असताना जी पाठ एकदम सपाट दिसत होती, ती वजन ठेवल्यावर झोळीसारखी खाली बसली. कपड्याच्या पाठीमागे कडक पाट नसेल तर असंच होतं.

३. मोबाइलमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप असतं. पिशवीच्या बाजूला जागा करून मोबाइल आधी पाठीवर टेकवा, उतार किती ते लिहा. मग बसायच्या जागेवर टेकवा. बऱ्याच गाड्यांत ही जागाही गुडघ्याकडे वर उचललेली असते. दोन्ही आकडे मिळवा आणि १८० मधून वजा करा. पाठ १५ अंश आणि सीट १० अंश वर असेल तर कोन झाला १५५. दुकानदार फक्त पाठीचे १५ सांगतो.

४. पायाकडची पट्टी वर उचलता येते का बघा. नाही आली तर बाळ हळूहळू खाली सरकतं.

*धोका:* आजी प्रेमाने मोहरीची उशी डोक्याखाली देईल. घरात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, गाडीत नको. गाडीबरोबर आलेली नसलेली कुठलीही उशी, जाड गादी, दुलई घालायची नाही. उशीने डोकं उचललं की तुम्ही मेहनतीने मोजलेला कोन गेला.

*अजून एक:* कारसीट काढून गाडीच्या सांगाड्यावर बसवायची सोय असते, ती सोयीची आहे हे मान्य, पण कारसीट ही सपाट नसते. कारमधून उतरून दवाखान्यात जाईपर्यंत ठीक, मॉलमध्ये तीन तास नाही.

बाळाचं तोंड तुमच्याकडे असेल अशी गाडी घ्या, किंवा हँडल उलटं होणारी. पहिले सहा महिने बाळाचा चेहरा दिसत राहणं हे लाड म्हणून नाही, ओढणी नाकावर आली तर दिसायला हवं म्हणून.

टप्पा ५: ब्रेक, बेल्ट, बिजागऱ्या

हे दुकानातच, हाताने. कणकेची पिशवी सीटमध्येच असू दे.

*ब्रेक:* दुकानाबाहेर जिथे उतार असेल तिथे न्या (पार्किंगचा रॅम्प उत्तम), ब्रेक लावा आणि हलकं ढकला. चाक फिरता कामा नये, घसरलं तरी जरासंच. एका पॅडलवर दोन्ही मागची चाकं लॉक होणारा ब्रेक घ्या, दोन वेगवेगळे असले की एक लावायचा राहतो. आणि हात सोडायच्या आधी ब्रेक, ही सवय पहिल्या दिवसापासून. २००९ मध्ये मेलबर्नच्या ॲशबर्टन स्टेशनवर एका आईने क्षणभर हात सोडला आणि गाडी घरंगळत प्लॅटफॉर्मवरून रुळांवर गेली, समोरून ट्रेन येत होती. बाळ वाचलं. प्लॅटफॉर्मला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो, पावसाचं पाणी जावं म्हणून.

*बेल्ट:* खांदे दोन, कंबर दोन आणि पायांमधली एक अशी पाच पट्ट्यांची हवी. तीन पट्ट्यांच्या बेल्टमधून लहान बाळ वर किंवा बाजूला सरकतं. खांद्याच्या पट्ट्या सगळ्यात खालच्या खाचेत आणून बघा, नवजात बाळाच्या खांद्याच्या पातळीला येतात का. बक्कल एका हाताने सुटणार नाही एवढं घट्ट पण आजीला रडू येणार नाही एवढं सोपं.

*बिजागऱ्या:* गाडी उघडताना-मिटताना कुठे कात्रीसारखी फट होते ते बघा. २००९ मध्येच अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख बाबागाड्या याच कारणाने परत बोलावल्या होत्या, बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. तिथे उपाय काय केला, तर बिजागरीवर कव्हर. तर कव्हर आहे का बघा, आणि घरात थोरलं मूल असेल तर गाडी मिटताना ते हाताच्या अंतरावर नसावं. बाळापेक्षा बोटं त्याची जातात.

*लॉक:* गाडी उघडल्यावर "खट्" आवाज यायला हवा आणि दुसरं एक सेफ्टी लॉक असायला हवं. मग हँडल धरून पुढून उचला, हलवा. थोडीशी जरी मिटली तरी ती गाडी नको.

*उलटते का:* पिशवी आत असताना हँडलवर तुमची पर्स अडकवा आणि हात काढा (हात जवळच ठेवा). हलक्या गाड्या मागे कलंडतात. आता पर्सच्या जागी दोन किलो कांदे आणि एक नारळ समजा. सामान खालच्या बास्केटमध्ये, आणि बास्केटवर किती किलोचा आकडा लिहिलाय तेवढंच.

टप्पा ६: ऊन, पाऊस, डास

छत डोक्यापासून पोटापर्यंत येणारं हवं आणि त्याला जाळीची खिडकी हवी. छत पुरत नाही म्हणून वरून ओढणी किंवा दुपटं टाकणं ही आपल्याकडची सगळ्यात कॉमन चूक. पातळ कापड असलं तरी आतली हवा कोंडते आणि उन्हात गाडीच्या आत भट्टी होते, आणि वर बाळही दिसत नाही. छत कमी पडत असेल तर छत्री धरा किंवा सहानंतर बाहेर पडा. आत हात घालून बाळाची मान मागून तपासा, गरम-घामट लागली तर आत चला.

मच्छरदाणी गाडीच्या मापाची, इलॅस्टिकवाली. रेनकव्हरला बाजूने हवेच्या खिडक्या असाव्यात, आणि पाऊस थांबला की लगेच काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सीटचं कापड सुटं निघून धुता आलं पाहिजे, नाहीतर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी धरते. हे फार कमी लोक विचारतात. दुकानात विचारा, "कापड पूर्ण निघतं का, काढून दाखवा."

छतावर काळा धागा, मणी, लोंबणारं खेळणं बांधायचं असेल तर वीतभरापेक्षा लहान दोरी, आणि बाळाच्या हातापासून लांब. लांब दोरी गळ्याभोवती जाते.

टप्पा ७: आता खरेदी

आत्तापर्यंत मोबाइलवरची खरेदी बंद होती, आता उघडा. तुमच्या कागदावर लिफ्टचं माप, वजनाची मर्यादा, चाकाचा प्रकार आणि "सपाट" असे चार मुद्दे झालेत. हे लावले की शंभरातल्या चार-पाच गाड्याच उरतात. रंग आता निवडा. कपहोल्डर, मोबाइल स्टँड, पुढचा ट्रे, म्युझिक यांना शून्य मार्क. पुढचा ट्रे तर नवजात बाळाला काढूनच ठेवावा लागतो.

दुकानात बघून ऑनलाइन घ्यायची असेल तर मॉडेलचं पूर्ण नाव आणि वर्ष जुळवा, एकाच नावाच्या दोन गाड्यांत पाठीचा कोन वेगळा असतो, याला मी फसले आहे. लेबलवर ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ ८३३ आहे का बघा, आणि लेबल गाडीच्या सांगाड्यावर असावं, फक्त जाहिरातीत नको.

सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, मावसबहिणीची मिळत असेल तर आधी ती बघा. मात्र ब्रेक, बक्कल आणि दुसरं लॉक चालत नसेल तर फुकटसुद्धा नको. सीटखालचा पाट उचलून बुरशी बघा, पाइपांवर गंज आणि वेल्डिंगच्या जागी तडा बघा. तार बांधून, टेप गुंडाळून "चालवलेली" गाडी परत द्या.

टप्पा ८: खोका आल्या दिवशी

खोका त्याच दिवशी उघडा, बाळ माहेरी असलं तरी. टप्पा ५ पुन्हा करा, यावेळी तुमच्या गाडीवर. खोका आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नका, आमच्या ताईंनी भंगारवाल्याला दिला आणि आम्ही बसलो.

मग कणकेची पिशवी घेऊन एक पूर्ण फेरी मारा: घर, लिफ्ट, गेट, रस्ता, परत. एकदा कारमध्ये ठेवून काढा. एका हाताने उघडून बघा, एका हाताने मिटून बघा, दुसऱ्या हातात पिशवी. मग हेच आजीला करू द्या आणि तुम्ही मध्ये बोलू नका. जिथे अडतील तिथे रंगीत टेपचा तुकडा लावा, ब्रेकच्या पॅडलवर लाल, फोल्डच्या बटणावर हिरवा.

बाळाला पहिल्यांदा ठेवाल तेव्हा पोट भरून लगेच नको, थोडं थांबून. आधी ब्रेक, मग बाळ, मग बेल्ट. काढताना बेल्ट, बाळ, आणि ब्रेक शेवटी. पट्टी आणि छाती यांच्यात तुमची दोन बोटं जावीत, जास्त नाही. सरकत्या जिन्यावर गाडी न्यायची नाही, लिफ्ट शोधा. पहिली फेरी दहा मिनिटांची पुरे. परत आल्यावर चाकं पुसायचं फडकं दाराशीच ठेवा, नाहीतर घरातलं पहिलं भांडण गाडीवरून होईल, कोनावरून नाही.